'प्रवेशाचा हक्क राखून' : खोली कोणाला नाकारता येते?

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली, की पुण्या-मुंबईच्या गाड्या जुन्नर-आंबेगावच्या वाटेला लागतात. कोणाला शिवनेरी चढायचा असतो, कोणाला लेण्याद्री आणि ओझरच्या गणपतीचे दर्शन घ्यायचे असते. पावसाळ्यात माळशेज आणि नाणेघाट, श्रावणात भीमाशंकर. मुक्कामासाठी दूरध्वनी केला, की पुष्कळ ठिकाणी दर सांगण्याआधी पलीकडून प्रश्न येतो : "फॅमिली आहे ना?" उत्तर 'हो' असेल तर पुढचे बोलणे सुरळीत होते. 'नाही' असेल, तर खोल्या एकाएकी भरलेल्या असतात.

'फॅमिली' या शब्दाची व्याख्या कोठेही लिहिलेली नसते. व्यवहारात तिचा अर्थ नवरा, बायको आणि असल्यास मुले. लग्न न झालेले जोडपे त्यात बसत नाही. चार मित्र बसत नाहीत. त्यांच्यासाठी 'स्टॅग' असा शब्द रूढ झाला आहे. एकटा पुरुष बसत नाही आणि एकटी स्त्री तर अनेक काउंटरवरच्या मॅनेजरला कोड्यातच टाकते. दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष 'मित्र' म्हणून आले तर कदाचित खोली मिळते. जोडपे म्हणून आले तर बहुधा नाही. आणि ओळखपत्रावरचे आडनाव वाचून खोली नाकारली गेली, तर खरे कारण कोणी सांगत नाही.

या नकारांना कायद्याचा आधार काय? थोडक्यात उत्तर असे, की बहुतेक नकारांना कोणत्याही कायद्याचा आधार नाही. तथापि, त्यांपैकी कित्येकांना अडवणारा कायदाही आपल्याकडे नाही. या दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत 'प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे' ही पाटी टांगलेली असते.

'सर्वसमावेशक' म्हणजे काय?

कृषी पर्यटन केंद्रांमध्ये आता माणशी एकच दर सांगण्याची पद्धत रुळली आहे. सकाळचा नाश्ता, दुपारी पिठले-भाकरी किंवा या भागाची मासवडी, संध्याकाळचा चहा, हंगाम असेल तर हुरडा, बैलगाडीची फेरी आणि रात्रीचा मुक्काम असे सारे त्यात येते. पर्यटन व्यवसायात याला 'ऑल इन्क्लुझिव्ह' म्हणतात आणि मराठीत त्याचे भाषांतर 'सर्वसमावेशक' असे केले जाते. शब्द मोठा आहे. त्यात सर्व वस्तू येतात. सर्व माणसे येतात की नाही, हा प्रश्न जगात सर्वाधिक गाजला तो कॅरिबियन समुद्रातल्या एका रिसॉर्ट साखळीच्या संदर्भात.

जमैकामध्ये गॉर्डन 'बुच' स्टुअर्ट नावाचे एक व्यापारी वातानुकूलन यंत्रे विकत असत. हॉटेल चालवण्याचा अनुभव नसताना त्यांनी १९८१ मध्ये माँटेगो बे येथील एक हॉटेल घेतले आणि 'सँडल्स' या नावाने सुरू केले. कल्पना सोपी होती. एकदा पैसे भरले, की राहणे, जेवण, मद्य, पाण्यावरचे खेळ यांसाठी पुन्हा पाकिटाला हात घालावा लागणार नाही. आणि येथे फक्त जोडपी येतील. मुलाबाळांसह येणाऱ्यांसाठी याच कंपनीने १९९७ पासून 'बीचेस' ही वेगळी साखळी सुरू केली. मधुचंद्रासाठी येणाऱ्यांना शांतता हवी म्हणून मुलांना वेगळीकडे पाठवणे हा धंद्याचा निर्णय झाला आणि त्यात कोणाला अपमान वाटण्याचे कारण नव्हते.

परंतु 'जोडपे' या शब्दाचा अर्थही कंपनीने ठरवून टाकला होता : एक पुरुष आणि एक स्त्री. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना, ते कितीही वर्षे एकत्र राहत असले तरी, सँडल्समध्ये खोली मिळत नसे. जमैकात पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा १८६४ चा ब्रिटिशकालीन कायदा आहे. आपल्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ त्याच्या चार वर्षे आधीचे, १८६० चे. दोन्हींचे घराणे एकच. मात्र सँडल्सची गिऱ्हाइके प्रामुख्याने अमेरिका आणि ब्रिटनमधून येत आणि तेथील लोकमत बदलत चालले होते. लंडनमध्ये केन लिव्हिंग्स्टन महापौर असताना शहराच्या भुयारी रेल्वेत या कंपनीच्या जाहिराती लावण्यास मनाई करण्यात आली. ऑक्टोबर २००४ मध्ये कंपनीने हा नियम मागे घेतला.

ही बंदी न्यायालयाने उठवली नव्हती, बाजारपेठेने उठवली. सँडल्स आजही केवळ जोडप्यांसाठीच आहे. एकट्या माणसाला आणि मुलांना तेथे जागा नाही. बदलली ती जोडप्याची व्याख्या.

लग्नाची अट

ब्रिटनमध्ये मात्र पुढचे प्रकरण न्यायालयात गेले आणि ते आपल्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात एक वयस्कर ख्रिस्ती दांपत्य आपल्या राहत्या घरातच छोटे हॉटेल चालवत असे. आपल्याकडच्या घरगुती निवासासारखेच. त्यांचा नियम होता, की दोघांची एकत्र खोली फक्त विवाहित स्त्री-पुरुषांना मिळेल. सप्टेंबर २००८ मध्ये कायदेशीर नोंदणी झालेले दोन पुरुष जोडीदार तेथे आले आणि त्यांना खोली नाकारण्यात आली. मालकांचे म्हणणे असे, की आमचा नियम लग्नाचा आहे, लैंगिकतेचा नाही. लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांनाही आम्ही खोली देत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये निकाल मालकांच्या विरोधात लागला. ज्यांना त्या काळी लग्न करण्याची कायद्याने मुभाच नव्हती, त्यांच्यासमोर लग्नाची अट ठेवणे म्हणजे दार बंद करणेच होय, असा त्याचा आशय.

आपल्याकडील 'फक्त विवाहितांसाठी' या अटीला हा युक्तिवाद तंतोतंत लागू पडतो. अविवाहित स्त्री-पुरुषांना ही अट आज अडवते, उद्या ते लग्न करून येऊ शकतात. समलिंगी जोडप्याचा 'उद्या' येत नाही, कारण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो प्रश्न संसदेकडे सोपवला. म्हणजे नियमाचे शब्द सर्वांना सारखेच, परिणाम मात्र सारखा नाही.

गंमत अशी, की कलम ३७७ विरुद्ध न्यायालयात गेलेल्यांमध्ये हॉटेल व्यावसायिकही होते. नीमराणा हॉटेल्सचे सहसंस्थापक अमन नाथ आणि ललित समूहाचे केशव सूरी ही त्यांतली ठळक नावे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर हे कलम उरलेलेच नाही.

अविवाहित स्त्री-पुरुषांच्या बाबतीत कायदा त्याहून जुना आणि स्पष्ट आहे. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणे हा गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एस. खुशबू प्रकरणात सांगितले. पुरुषाचे विवाहाचे किमान वय २१ असले, तरी १८ पूर्ण झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या जोडीदारासोबत राहता येते, हे २०१८ च्या नंदकुमार प्रकरणात स्पष्ट झाले. डिसेंबर २०१९ मधला मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल तर थेट खोलीचाच आहे. कोइमतूरमधील एका निवासगृहात अविवाहित जोडपे आढळले आणि दुसऱ्या खोलीत मद्याच्या बाटल्या सापडल्या म्हणून प्रशासनाने ते टाळे ठोकून बंद केले होते. न्यायमूर्ती एम. एस. रमेश यांनी ते उघडण्याचा आदेश दिला. अविवाहितांना हॉटेलची खोली देण्यास मनाई करणारा एकही कायदा दाखवता येत नाही, हे त्यांनी नोंदवले.

असे असूनही मालकांची भीती निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ बेट आणि अक्सा परिसरातील हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसच्या आसपास जोडप्यांना ताब्यात घेतले. बंद खोलीतल्या सज्ञान माणसांवर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याबद्दलच्या कलमाखाली दंड आकारण्यात आला. टीकेचे मोहोळ उठल्यावर तत्कालीन पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी चौकशीचा आदेश दिला. पण महाराष्ट्रातल्या लॉजमालकांच्या स्मरणात चौकशी राहिली नाही, छापा राहिला. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली आपले नाव येऊ नये, म्हणून 'फॅमिली ओन्ली' ही पाटी लावणे त्यांना स्वस्त पडते.

'ओयो'चा प्रवासही याच भीतीच्या अंगाने पाहावा लागतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने २०१६ च्या सुमारास अविवाहित जोडप्यांना चालणारी हॉटेले वेगळी दाखवण्याची सोय केली आणि तिचे नाव शहरांत सर्वतोमुखी झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने मेरठमधील भागीदार हॉटेलांसाठी नियम बदलला : जोडप्याने नात्याचा पुरावा दाखवावा आणि तो नसेल तर खोली नाकारण्याचा अधिकार हॉटेलला राहील. स्थानिक सामाजिक भावनांचा आदर, हे कारण देण्यात आले. सँडल्सची वाट बंदीकडून मोकळीकीकडे गेली; ओयोची, निदान एका शहरापुरती, उलट दिशेने.

नात्याच्या पुराव्याची आणखी एक अडचण आहे. लग्नानंतर आडनाव न बदलणाऱ्या स्त्रिया आता विरळ नाहीत, आणि बदलले तरी आधार कार्डावर माहेरचेच नाव असते, अशांची संख्याही मोठी. रीतसर लग्न झालेल्या, दहा वर्षे संसार केलेल्या जोडप्यानेही विवाह नोंदणीचा दाखला गाडीत ठेवून फिरावे, अशी ही अपेक्षा आहे.

धर्मशाळेपासून राज्यघटनेपर्यंत

वाटसरूला आसरा कोणी द्यायचा आणि कोणाला द्यायचा, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, न्यायालये आणि दवाखाने यांबरोबर सरकारी खर्चाने बांधलेल्या व चालवल्या जाणाऱ्या धर्मशाळाही अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. याच ठरावाच्या पायावर मार्च १९२७ मध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळे सर्वांच्या लक्षात राहिले, धर्मशाळा मात्र विसरली गेली.

राज्यघटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या उपकलमात ती पुन्हा सापडते, नव्या रूपात. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे येथे प्रवेश नाकारता येणार नाही. घटनेतील अनेक हक्क शासनाविरुद्ध आहेत. हे उपकलम खासगी मालकालाही बांधते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'दुकान' हा शब्द किती व्यापक अर्थाने घ्यायचा, हे स्पष्ट केले होते : जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, तो त्यात येतो. तेव्हा आडनाव वाचून 'खोल्या भरल्या' म्हणणारा मॅनेजर केवळ असभ्य वागत नाही, घटनेचे उल्लंघन करतो.

जातीच्या बाबतीत शिक्षाही आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेल, धर्मशाळा, सराई किंवा मुसाफिरखान्यात प्रवेश नाकारल्यास एक ते सहा महिने कैद आणि दंड होऊ शकतो. तृतीयपंथी व्यक्तींना जनतेसाठी खुल्या असलेल्या निवासाची सोय नाकारण्यास २०१९ च्या स्वतंत्र कायद्याने मनाई केली आहे. समलिंगी व्यक्तींसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र २०१८ च्या निकालातील काही निकालपत्रांत लैंगिक कलावरून होणारा भेदभाव हा लिंगावरून होणाऱ्या भेदभावातच मोडतो, अशी मांडणी आहे. तिच्या आधारे कलम १५ चा आसरा मागता येतो.

यादीत नसलेली कारणे पाहिली, की मोकळी जागा लक्षात येते. विवाहित असणे वा नसणे हे कलम १५ च्या यादीत नाही. एकटे असणे नाही. 'स्थानिक ओळखपत्र चालणार नाही' हा नियमही त्यातून निसटतो, कारण घटना जन्मस्थान म्हणते, राहण्याचे ठिकाण नव्हे. खासगी व्यवहारातील भेदभाव रोखणारा एकत्रित कायदा करण्यासाठी शशी थरूर यांनी मांडलेले २०१६ चे खासगी विधेयक संमत झाले नाही.

मालकाची बाजू

सगळेच नकार एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी कोणाबरोबर खोली मागत असेल, तर नकार देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. एकट्या माणसाला खोली न देण्यामागे आत्महत्येची आणि नंतरच्या पंचनाम्याची भीती असते; लॉजच्या धंद्यातली ही फार जुनी धास्ती. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते. ती यातायात नको म्हणून छोटी हॉटेले त्यांना परस्पर वाटेला लावतात. पुरुषांच्या गटांविषयीची नाराजी माळशेजच्या रस्त्यावर पावसाळ्यात फिरणाऱ्या कोणालाही समजेल. शेतावरच्या निवासात मालकाचे कुटुंब, घरातल्या सुना-मुली त्याच अंगणात वावरत असतात आणि दारू पिऊन रात्रभर गाणी लावणारा गट त्यांना नको असतो. यात गैर काही नाही. परंतु दारूला मनाई करता येते, दहानंतर आवाजाला मनाई करता येते, अनामत रक्कम घेता येते. वागणुकीचा नियम आणि माणसाचा नियम यांत फरक आहे. गोंधळ घालणारी 'फॅमिली' या पाटीने अडत नाही आणि पुस्तक वाचायला आलेली एकटी प्राध्यापिका अडते.

जुन्नरला हा फरक इतरांपेक्षा लवकर करावा लागेल. २०१८ मध्ये राज्य शासनाने त्याला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला; २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. लेण्या पाहणारे अभ्यासक, घाटवाटा तुडवणारे एकटे गिर्यारोहक, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडे येणारे संशोधक हे सगळे 'फॅमिली' नाहीत. या गावाला परक्यांची सवय मात्र दोन हजार वर्षांची आहे. नाणेघाटातून व्यापारी तांडे येत, आणि जुन्नरच्या लेण्यांमधील शिलालेखांत यवन दात्यांची नावे आहेत. त्यांपैकी इरिल याने पाण्याची दोन टाकी दिली. चित नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप खोदवून दिला.

नकार मिळाला तर

आधी बुकिंग स्वीकारून, पैसे घेऊन दारात नकार दिला असेल, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. अशा वेळी बुकिंगची पावती, संकेतस्थळावरील नियमांची प्रत आणि नकाराचे कारण लेखी किंवा संदेशाच्या रूपात जपून ठेवावे. कारण लेखी मागितल्यावर खोली मिळून जाते, असाही काहींचा अनुभव असतो. जातीवरून नकार असेल तर तक्रार पोलिसांकडे करावी; जुन्नर तालुक्यात जुन्नर, नारायणगाव, ओतूर आणि आळेफाटा, तर आंबेगावात मंचर आणि घोडेगाव येथे पोलीस ठाणी आहेत.

ग्राहक आयोगात जाण्यासाठी हॉटेलच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार दाखल करता येते. ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे आणि मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. 'प्रवेशाचा हक्क राखून' या पाटीचा फोटो जोडायला हरकत नाही.